मुठीनंतरची ओळ

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, यापुढे कोणत्याही सभागृहात, मंचासमोर अथवा पियानोच्या आसपास मी गाणार नाही. निर्णय अंतिम आहे. आमच्या घरात तो एकमताने मंजूर झाला, माझं मत न घेता.

कारण सांगताना अजून कान गरम होतात, पण सांगते.

माझी लेक अंधेरीच्या एका कॅथलिक शाळेत तिसरीत आहे. तिथे गाणं म्हणजे कॉयर, आणि कॉयरच्या मिसचा एक नियम आहे. ज्यांचा सूर लागत नाही त्यांना ती काढून टाकत नाही. मागच्या रांगेत उभं करते आणि सांगते, तू नुसते ओठ हलव, कान उघडे ठेव. दुसरीचं अख्खं वर्ष माझ्या लेकीने ओठ हलवले. राग मला आला, तिला नाही. ती रोज बाथरूममध्ये उपड्या बादलीवर बसून एकच सूर घासत राहायची. यंदा मिसने तिला पुढच्या रांगेत आणलं आणि नाताळच्या कार्यक्रमात एक ओळ दिली. एकटीला, माइकवर.

शेवटच्या गाण्याचं धृपद पालकांनीही म्हणायचं होतं. मी मेथी निवडत होते आणि लेक शिकवत होती.

"आई, नीट ऐक. मिसने मूठ मिटली ना, की सगळे गप्प. पियानोपण गप्प. मग मी."

"गप्प कशाला?"

"कारण मग मी आहे ना!"

"बरं बरं."

"बरं बरं नको गं. मूठ लक्षात ठेव."

आता, मी वाढले जोगेश्वरीच्या चाळीत. आमच्या गणपतीत गप्प बसायची सोयच नाही. एक आरती संपून क्षणभर जरी शांतता पडली, तरी सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. मग ज्याचा आवाज मोठा त्याने पुढचं उचलायचं. आमच्या चाळीत ते काम माझं होतं. झांजा हरवल्या तरी चालेल, ही आजारी पडायला नको, असं काका म्हणायचे. मला त्याचा केवढा अभिमान!

कार्यक्रमाच्या दिवशी मी पैठणी नेसून तिसऱ्या रांगेत बसले. धृपद आलं. मी गायले. गाता गाता टाळ्यांचा ठेका धरला. शेजारच्या दोन आयांनीही धरला, तसा मला आणखी चेव चढला. मिसने मूठ मिटली. पियानो थांबला. हॉल चिडीचूप.

आणि मी उचललं.

लेकीची ओळ, रोज ऐकून पाठ झालेली, आरतीच्या आवाजात, टाळ्यांसकट. अख्खी म्हटली. शेवटचा शब्द लांबवलासुद्धा.

मग मला मूठ दिसली. ती अजून हवेतच होती. माइकसमोर माझी लेक तोंड उघडून उभी होती. तोंड तिचं, आवाज माझा. पुन्हा मागच्या रांगेत नेऊन ठेवलं होतं मी तिला, तेसुद्धा सगळ्या शाळेसमोर.

पुढे बसलेल्या सिस्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नवरा हळूच पलीकडे सरकला, जणू तो शेजारच्या बाईंबरोबर आला होता. पैठणीचा पदर तोंडात कोंबावा की त्याखाली लपावं, मला कळेना. मिस रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पियानोवाल्या सरांना खूण केली. धृपद पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसले. मूठ मिटली. पियानो थांबला. लेकीने श्वास घेतला, पण गायली नाही. माइक तोंडाजवळ ओढला, तिसऱ्या रांगेत मला शोधलं आणि म्हणाली,

"आई, तू नुसते ओठ हलव."