सड्याचे आकडे

शनिवार, ८ नोव्हेंबर २००८. खर्च तीन हजार एकशे साठ रुपये, दोघांत निम्मा. हजर तिघे: मी, ऑफिसातला माझा मित्र आणि भूगावात रस्त्याकाठी राहणाऱ्या मावशी. त्यांच्या फाटकाच्या खांबावर आम्ही धूळ मोजायचं घरगुती यंत्र बसवलं. करड्या पाइपचा तुकडा, आत जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, एक बारीक दिवा आणि उजेड टिपणारा सेन्सर. धूळ जास्त, तर मीटरवर आकडा मोठा. विकतचं यंत्र लाखांत जात होतं.

मावशींना दमा होता आणि खडीचे डंपर दारावरून उघडेच जायचे.

"आकडं दावलं की गाड्यांवर ताडपत्री येईल न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

मी रोज सकाळी सातला आकडा टिपायचो, मित्र संध्याकाळी. तीन आठवडे सकाळचे आकडे इतके कमी आले की मी दोनदा पाइप उघडून पाहिला. बिघाड काहीच नव्हता. मावशी साडेसहाला फाटकाबाहेरपर्यंत शेणसडा घालायच्या, म्हणून धूळ बसलेली असायची.

"मग काय, तुमच्या नळकांड्यासाठी अंगण पारोसं ठिवू व्हय?" त्या म्हणाल्या.

मी वेळ नऊवर नेली. आधीचे एकवीस आकडे खोडले नाहीत. प्रत्येकापुढे सड्याचा 'स' लिहिला. रस्त्यावर पाणी मारलं तर किती फरक पडतो, हे पंचायतीला त्यातून दाखवता आलं असतं. मग वही मित्राकडे नक्कल करायला दिली.

फेब्रुवारीत मावशींना घेऊन मी अर्ज द्यायला गेलो. सरपंचांनी टेबलाच्या खणातून एक रंगीत पत्रक काढलं. मावशींच्या घरामागे होणाऱ्या इमारतींची जाहिरात होती ती. 'मोजून घेतलेली हवा' असा मथळा आणि खाली माझ्या वहीचं पान, माझ्याच अक्षरात. 'स'चा रकाना तेवढा कापलेला.

"मावशी, तुज्याच फाटकावरची हवा हाय की! लई झ्याक!" सरपंच हसले.

मावशींनी पान ओळखलं. "दादा, माझ्या सड्याचं आकडं इकलं तुमी?"

त्याच संध्याकाळी मी मित्राच्या घरी गेलो. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. पत्रकातल्या एका इमारतीत त्याने फ्लॅट घेतला होता, सवलतीत.

"यातला एक तरी आकडा खोटा आहे का? दाखव," तो म्हणाला.

एकही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी यंत्र काढायला गेलो, तर मावशींनी ते आधीच उतरवून ओट्यावर ठेवलं होतं. मी खरं काय झालं ते सांगायला लागलो.

"अक्षर तुमचंच न्हवं?" त्यांनी मध्येच विचारलं. "लाइटीचं काय झालं, त्ये द्या आन् जावा."

बारा युनिटं, अठ्ठेचाळीस रुपये. मी पन्नासची नोट दिली. त्यांनी दोन रुपये परत केले. मावशींना पोचले अठ्ठेचाळीस.