न फाटणाऱ्या कोटाचं दुकान

चीनच्या लढाईनंतरच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी साताऱ्याकडून पिंपरीत आले. सासरी रेनकोटाचं दुकान आहे, एवढंच माहेरी सांगितलं होतं. माझ्या वडिलांना ते फारसं रुचलं नव्हतं. वर्षातले चार महिने चालणाऱ्या धंद्याच्या घरात मुलगी देऊ नये असं त्यांचं मत. पण मुलगा कारखान्यात कायम झालेला होता, म्हणून त्यांनी दुकानाकडे काणाडोळा केला.

दुकान स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर होतं. आत शिरलं की रबराचा वास नाकात बसायचा तो जेवतानाही जायचा नाही. भिंतीला ओळीनं रेनकोट टांगलेले, खाली गमबूट, फळीवर अंथरूण गुंडाळायचे होल्डॉल, मोटारीला पुढे बांधायच्या पाण्याच्या कॅनव्हासच्या छागली आणि सगळ्यात वर साहेबी टोप्या, ज्यांना साहेब गेल्यापासून गिऱ्हाईक नव्हतं. सगळा माल कलकत्त्याच्या एकाच कंपनीचा. छापावर गेंडा होता. माझे सासरे त्या गेंड्याचे पुणे जिल्ह्यातले एकमेव एजंट होते आणि हे ते कुणालाही पहिल्या भेटीतच सांगत. मला त्यांनी लग्नाच्या मांडवात सांगितलं.

देवघरात तेवढा गेंडा नव्हता. बाकी घरात कोणालाही दुसऱ्या छापाची वस्तू अंगावर घालायची मुभा नव्हती. आमचे हे पावसाळ्यात पहिल्या पाळीला सायकलवरून निघायचे, तेव्हा गुडघ्याखाली येणारा कोट, डोक्याला रबरी टोपी आणि पायांत गमबूट, असा सगळा जामानिमा असायचा. कारखान्याच्या गेटपर्यंत पोचेतो माणूस आतून घामानं न्हाऊन निघे. एकदा ह्यांनी धीर करून तक्रार केली की कोट आतून ओला होतो. मामंजींनी कोट उलटा केला, बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "हा पाऊस नाही. तुझा घाम आहे. त्याला कंपनी काय करणार?" त्यानंतर ह्यांनी तो विषय काढला नाही.

मोसमाच्या तोंडावर दुकानासमोर कोटाला पाणी पाजायचा कार्यक्रम होई. एका नव्या कोटाची झोळी करून ती खुंट्यांना बांधायची, तीत बादलीनं पाणी ओतायचं आणि खाली वर्तमानपत्र अंथरायचं. बघायला ही गर्दी. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी मामंजी तेच वर्तमानपत्र उचलून, झटकून, लोकांसमोर मोठ्यानं वाचायला सुरुवात करत. शाई फुटलेली नसे. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी त्यांना सांगून पाहिलं की राव, यंदा हे राहू द्या, पिण्याची मारामार आहे. पण मामंजींनी नेम मोडला नाही. पाणी ओतून ते वळले आणि नळावर रांगेत उभ्या असलेल्या बायांपैकी एकीनं येऊन ती झोळी सरळ आपल्या हंड्यात रिकामी केली. मामंजी चिडतील असं मला वाटलं. ते उलट सगळ्यांना सांगत सुटले की बाईनं हंडा भरून नेला, थेंब सांडला नाही. पाऊसच नसलेल्या वर्षी रेनकोटाची एवढी जाहिरात दुसऱ्या कोणी केली असेल असं मला वाटत नाही.

पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: जन्मभराची गॅरंटी. जन्म कोणाचा, माणसाचा की कोटाचा, असं मी एकदा विचारलं. मामंजी म्हणाले, "ज्याचा जास्त असेल त्याचा." आणि खरं सांगायचं तर ते फेकत नव्हते. तो कोट फाटत नसे. रबर चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पूड लावून टांगून ठेवला, घडी घालून ट्रंकेत कोंबला नाही, तर तो तसाच्या तसा राही.

सुरुवातीची वर्षं फार झकास गेली. रोज कुठल्या ना कुठल्या माळावर नवा कारखाना उभा राहायचा, त्याला गेट असायचं, गेटवर वॉचमन असायचा आणि वॉचमनला कोट लागायचा. कालपर्यंत भात लावणारी, चाकणच्या बाजारात कांदा नेणारी पोरं बिल्ला लावून कामावर जाऊ लागली, त्यांनी पहिल्या पगारात कोट घेतले. मुलीच्या रुखवतात गमबूट मांडलेले मी ह्या डोळ्यांनी पाहिलेत, लाडू-करंज्यांच्या शेजारी, आत कुंकवाची पुडी ठेवून. वाकडच्या दोन भावांची वाटणी झाली तेव्हा एकानं बैलजोडी घेतली आणि दुसऱ्यानं बापाचा कोट, आणि बैलवाला नंतर बरीच वर्षं आपण फसलो म्हणून सांगत फिरला. बैल म्हातारे झाले, कोट नाही झाला.

गोची तिथेच होती, पण ती ध्यानात यायला आम्हाला दहा-बारा वर्षं लागली. एकदा कोट घेतलेला माणूस दुसऱ्यांदा कोट घ्यायला येत नसे. येत असे, पण दाखवायला. पायरीवरूनच ओरडायचा, "शेठ, बघा, अजून तसाच हाय." मग मामंजींच्या चेहऱ्यावर दिवाळी. ते मला हाक मारत, "सूनबाई, चहा टाक." त्या चहाच्या पातेल्यापायी माझे हात काळे पडले. पावसाळाभर आमच्या दुकानात माणूस मावत नसे आणि विक्री मात्र शून्य. इतकी समाधानी गिऱ्हाइकं वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नयेत.

समोर एका मुसलमान कारागिराचं स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मामंजींचा आणि त्यांचा चांगला घरोबा होता. ईदेचा शिरखुर्मा आमच्याकडे यायचा, आमच्या पुरणपोळ्या तिकडे जायच्या आणि दुपारी दोघं एकमेकांच्या धंद्याची खिल्ली उडवत बसत. अशाच एका दुपारी मास्तरांनी एक नायलॉनचं जर्किन आणून काउंटरवर टाकलं. निळं, बाहीवर पांढरा पट्टा, पुढे चेन. मुंबईहून कोणी आणलेलं पाहून त्यांनी स्वतः शिवलं होतं. मामंजींनी ते दोन बोटांत उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं.

"ह्यात पाणी अडतं?"

"थोडं अडतं, थोडं येतं," मास्तर म्हणाले. "पर शेठ, मुठीत मावतं बघा."

"मुठीत मावायला ही काय तपकीर आहे का?"

मास्तर हसले आणि जर्किन घेऊन गेले. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या दारात पोरांची झुंबड उडाली होती.

जर्किन बाभळीला अडकलं की टरकन फाटायचं. चेन दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब. तरी जो तो तेच मागे, कारण ते घालून फोटो काढता येई, थंडीत घालता येई, लग्नाला जाता येई. आमचा कोट घातला की मालक आणि वॉचमन दोघं सारखे दिसत आणि मालकांना ते आवडत नसे. वॉचमनलाही आता आवडेनासं झालं होतं.

मग कलकत्त्याहून कंपनीचा माणूस आला. चहा प्यायला, मालाची स्तुती केली आणि शांतपणे म्हणाला की कंपनी एकेक एजन्सी बंद करते आहे. ह्या मोसमात एखादी मोठी ऑर्डर आणलीत तर तुमची चालू ठेवायचं बघू, नाहीतर हा शेवटचा माल. तो गेल्यावर मामंजी बराच वेळ कोटांना शंखजिरं लावत बसले. सगळ्यांना आधीच लावलेलं होतं. मला त्यांचा फार राग यायचा, त्या गेंड्याचा तर त्याहून जास्त, पण त्या दिवशी नाही आला. ते काम गेलं तर ह्या माणसानं सकाळी उठून करायचं काय, हे मला सुचेना.

आणि ऑर्डर चालून आली. भोसरीकडचा एक कारखाना झाडून सगळ्या कामगारांना पावसाळी कपडे देणार होता. काय द्यायचं ते अधिकारी आणि युनियनची माणसं मिळून ठरवणार होती आणि त्यांनी मामंजींना कोट आणि मास्तरांना जर्किन घेऊन बोलावलं. ह्यांची पाळी असल्यामुळे बादली धरायला मामंजींनी मला नेलं.

कॅन्टीनमध्ये टेबलं सरकवून जागा केली होती. मामंजींनी झोळी बांधली, पाणी ओतलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं. मास्तरांनी जर्किनात तांब्याभर पाणी ओतलं आणि आपण होऊन खाली परात ठेवली. माणूस प्रामाणिक होता. बाहेर पाऊस लागला होता आणि युनियनची माणसं एकेक करून आत येऊ लागली. मामंजींनी मला डोळ्यांनी खुणावलं. आत येणाऱ्या बहुतेकांच्या अंगावर आमचेच कोट होते. जुने, पण सगळे धडधाकट, गेंड्यासकट.

त्यांच्यातला म्होरक्या वाकडचा होता. कोट उतरवून त्यानं खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या मालाला नाव ठेवायला जागा न्हाई. ह्यो माज्या बापाचा हाय. बाप गेला, कोट हाय."

मामंजी अभिमानानं अधिकाऱ्याकडे बघू लागले. "मग घ्या की आणखी."

"घिऊन काय करू? ह्यो फाटंल तवा बघू. फाटतोय कुठं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्यात तर दोन पडल्यात. एक म्हशीवर टाकतो आमी."

अधिकारी शिस्तीचा माणूस. त्यानं विचारलं, ह्यातला वॉटरप्रूफ कोणता? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, मामांचा. मग त्यानं विचारलं, पाहिजे कोणता? सगळ्यांनी तितक्याच एका सुरात सांगितलं, जर्किन. मास्तर परातीकडे बघत राहिले. मामंजींनी वाकून वर्तमानपत्र उचललं. ते कोरडं होतं. त्यांनी ते वाचलं नाही, घडी करून मला दिलं.

संध्याकाळी मास्तर आमच्या दुकानात आले आणि उभेच राहिले. "शेठ, ऑर्डर मला मिळाली, पर माल ठेवायला जागा नाही माझ्याकडे. तुमच्या खुंट्या रिकाम्या होणार. आपण दोघं मिळून करू." मामंजींनी एक खुंटी हातानं पुसली. त्यांचा नकार ओठांवर आलेला मला दिसत होता. नकार देऊन ते आत येणार, जेवणार नाहीत आणि उद्यापासून रिकाम्या खुंट्यांकडे बघत बसणार. मी पडद्यामागून बाहेर आले आणि हो म्हणून टाकलं. सासऱ्यांसमोर परपुरुषाशी मी तेव्हा पहिल्यांदा बोलले आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही.

बरेच दिवस मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एका सकाळी ते स्टुलावर चढले, चुन्याचा बोळा घेऊन पाटीवरची गॅरंटी पुसली आणि गादीवर येऊन बसले. मला म्हणाले, "विकेन. पण जे आहे ते सांगून विकेन."

आणि तसंच सांगत राहिले. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "हे दोन पावसाळे जाईल. तिसऱ्याला भिजाल. शिवण पाठीवर गळते. चेन तर विचारूच नका." आपण धंद्याचा गळा घोटतोय अशी त्यांची खात्री होती. पण गिऱ्हाईक हसायचं, म्हणायचं, "दोन वर्षांनी हा रंग कोण घालतंय, काका," आणि बांधून द्या म्हणायचं. शेठ खरं बोलतात अशी बाजारात ख्याती झाली, दापोडीपासून माणसं येऊ लागली. दुकान इतकं चाललं की आतली खोली मोकळी करावी लागली. माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या घरचं कौतुक केलं.

मामंजी मात्र कशाची तरी वाट बघत होते. ते मला कळलं एका श्रावणात. दुपारी एक मराठवाड्याकडचा तरुण कामगार रस्ता ओलांडून येताना दिसला. त्याच्या हातात आमच्याकडचं जर्किन होतं, पाठीवर उभं फाटलेलं. आमच्याकडे फाटकं घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. मामंजी ताठ बसले. चष्मा घातला, धोतर सारखं केलं आणि मला हळूच म्हणाले, "पाणी आणून ठेव. बराच वेळ लागेल." त्यांचा चेहरा उजळला होता. बदली जर्किन त्यांनी गादीखालून आधीच काढून ठेवलं.

पोरगा आत आला. "काका, लाल आलंय का नवं?"

"आलंय," मामंजी म्हणाले. "पण ते हातातलं..."

"हे? गेलं की ते." त्यानं ते बाहेर गटाराच्या कडेला टाकलं, लाल जर्किन अंगात घालून आरशात पाहिलं, पैसे दिले आणि मित्राच्या सायकलवर मागे बसून निघून गेला. त्याची काही तक्रारच नव्हती.

मामंजी बाहेर गेले, ते फाटकं जर्किन उचलून आणलं, पाणी झटकलं आणि मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, बरं झालं, भांडण टळलं.

"मी विकलेली वस्तू फाटली, सूनबाई, आणि तो मला एक शब्द बोलला नाही," ते म्हणाले. "चार शिव्या द्यायच्या लायकीचासुद्धा वाटलो नाही का गं मी त्याला?"

पायरीवर पुढचं गिऱ्हाईक उभं होतं आणि त्यालाही लालच हवं होतं.