पटका बांधून या

सोमवार, १६ जून २०२५, सकाळचे साडेदहा. सोलापूरबाहेरील एका निवासी कनिष्ठ महाविद्यालयाचे सभागृह. मी व्यासपीठावर उभा होतो. डोक्यावर पटका, खांद्यावर घोंगडे. शेजारी बारावीत गेलेली माझी नात, गणवेशात. समोर अकरावीच्या नव्या मुलांचे पालक.

आदल्या दिवशी संचालकांचा फोन आला होता. "आजोबा, नातीचा सत्कार आहे. पटका बांधून या. घोंगडं आणा." मी मंगळवेढ्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो. मेंढरे भावाकडे असतात. सत्काराला घोंगडे कशाला, हा संशय तेव्हाच आला. तरी गेलो.

संचालकांनी माईक पुढे धरला. मी सुरुवात केली, "उपस्थित पालकहो..."

"आजोबा, ते कचेरीतलं मराठी राहू द्या. मेंढरांमागं बोलता तसं बोला."

सभागृह हसले. नात जमिनीकडे पाहत होती. मी म्हणालो, "माजी नात हितं शिकती. लई हुशार हाय." पुन्हा हसू. मग नातीने इंग्रजीत भाषण केले, न अडखळता.

"पाहिलंत?" संचालकांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बोट केले. "हे घर. आणि हे आमचं वसतिगृह. या वयात मूल घराबाहेर काढण्याचा फायदा तो हाच."

टाळ्या. सत्कार झालाच नाही.

उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "झकास. दुपारी पालकांची दुसरी तुकडी आहे. तेव्हा जरा मोठ्यानं."

"दुपारी मी बोलणार नाही."

"मुलीचं बारावीचं वर्ष आहे, आजोबा. विचार करा."

नातीने मला व्हरांड्यात ओढले. "आबा, बोला की. मला वरीसभर हितंच काढायचंय."

"तुला हितं राहायचं हाय?"

"व्हय. अभ्यासाला शांतता हाय. घरी सैपाक माज्याच गळ्यात पडतो. फकस्त रसायनशास्त्राचे सर सोडून गेल्यात, दुसरं कुणी आलं न्हाय."

ती खरे बोलत होती. वसतिगृहाचे फायदे मी नाकारत नाही. ते तिला मिळालेच पाहिजेत. मात्र त्यांची जाहिरात माझ्या तोंडून, माझ्याच घराची नालस्ती करून होणार नाही.

दुपारी मी पालकांच्या पहिल्या रांगेत बसलो. नाव पुकारले गेले. उठलो नाही.

"मी पालक आहे. पालकांतच बसतो. रसायनशास्त्राला शिक्षक कधी येणार, ते सांगा."

"ते नंतर बोलू, आजोबा."

मागून एका बाईंचा आवाज आला. "नंतर कशाला? आमाला बी कळू द्या की."

हसले कोणी नाही. संचालक पाणी प्यायले. पंधरा दिवसांत नेमणूक होईल, असे म्हणाले. माझा विश्वास बसला नाही.

फाटकापाशी नात म्हणाली, "आता मला तरास दिला तर?"

"दर रविवारी येनार हाय मी. संचालकांनाबी सांगून आलोय."

तिने मान हलवली. हसली नाही. वर्ग होता, ती गेली.

नात तिथेच शिकेल. मी पुन्हा त्या व्यासपीठावर चढणार नाही, आणि पालकांच्या रांगेतून हलणारही नाही.

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत मंगळवेढ्याहून रविवारी सुटणाऱ्या पहिल्या गाडीची वेळ विचारली आणि ती तळहातावर पेनाने लिहून घेतली.