हौदातल्या मातीचं वय

कुंभारांच्या सोसायटीत हिशेब लिहिणाऱ्या बाईला सगळे पावतीताई म्हणत. सख्ख्या मामाने चहा पाजला तरी ही पावती मागेल, अशी तिची ख्याती. हे सख्खे मामाही तिथेच चाकावर बसत. सोसायटीतले सगळ्यात जुने कुंभार, आणि सगळ्यात तोंडाळ.

मागच्या अंगणात एक मोठा हौद होता. त्यात चाळलेली माती भिजवून, झाकून वर्षानुवर्षं मुरत ठेवायची. कुबट वास सुटला की ती चाकावर लोण्यासारखी वळते. कोवळ्या मातीची भांडी भट्टीत तडकतात. हे तिथे झाडणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते नव्या हिशेबनिसाला.

नवा हिशेबनीस म्हणजे संगणकातली कृत्रिम बुद्धिमत्ता. मॅनेजरसाहेबांनी हौसेने आणली होती. "ताई, तुम्ही फक्त आकडे भरा, अक्कल तो चालवेल." तेव्हापासून त्याने चालवलेली अक्कल निस्तरण्यात ताईचा दिवस जाई. त्याच्या शाळेत एकच धडा शिकवलेला दिसत होता: जुनं झालं की भाव उतरतो. मामांना त्याने पाहिलं नव्हतं म्हणून, नाहीतर त्यांनाही निकालात काढलं असतं.

सोमवारी त्याने फर्मान काढलं. हौदातला माल पडून आहे, किंमत शून्य. वर बांधकामाला भराव पुरवणाऱ्या ठेकेदाराला परस्पर कळवूनही टाकलं. शनिवारी ट्रक येणार होता!

ताई साहेबांकडे धावली. "साहेब, ती माती टाकाऊ नाही हो, मुरतेय!"

"मग तयार कधी होणार ती तारीख टाका. तारीख असली की तो गप्प बसतो."

ताई मामांकडे. "मामा, माती कधी तयार होणार?"

"झाली की."

"तारीख सांगा, मामा."

"अगं, वास बदलला की कळतं."

"वासाला रकाना नाही त्याच्याकडे!"

"मग तोच अजून मुरला नाहीये, पोरी. त्याला टाक हौदात."

शेजारच्या चाकावरून धाकटे मामा म्हणाले, "माती केव्हाच झालीय तयार. दादाचं नाक गेलंय."

"आणि तुला नाक आहे ते चष्मा ठेवायला!"

दोघे भाऊ जुंपले. ताईने कपाळावर हात मारला आणि अंदाजाने एक तारीख ठोकली. यंत्राने ती नाकारली. म्हणे, या मालाची काहीच हालचाल नाही. मुरणारी वस्तू हालचाल कशी करणार, हे त्याला कुणी सांगायचं?

शुक्रवारी संध्याकाळी ताई मालाच्या प्रकारांची अख्खी यादी चाळत बसली. जुनं झाल्यावर भाव चढतो असा एकच माल सापडला: मद्य. खोकल्याचं औषधही अर्धाच चमचा घेणाऱ्या त्या बाईने डोळे मिटले आणि हौदभर माती मद्य म्हणून नोंदवली.

यंत्र एकदम खूश! ट्रक रद्द. ताई घरी जाऊन गाढ झोपली.

सोमवारी साहेब हातात भलंमोठं कुलूप घेऊन आले. "ताई, हौद बंद करा. भाव चढतोय! आणखी पाच वर्षं कुणी हात लावायचा नाही म्हणतोय तो."

"अहो, पण मग भांडी कशाची करायची?"

"बाहेरून ताजी माती मागवलीय त्याने. स्वस्त आहे."

ताईला रडावं की हसावं कळेना. भरावातून वाचवलेली माती आता तिजोरीत जाणार होती, आणि कुंभारांच्या हाताला दोन्हीकडून मिळणार नव्हतीच. ती तरातरा अंगणात गेली, मागोमाग कुलूप घेऊन साहेब. तिथे मामा कोपरापर्यंत हौदात होते. चिमूटभर माती जिभेला लावून त्यांनी मान डोलावली. धाकट्या मामांनी मुकाट्याने घमेलं पुढे केलं. म्हणजे पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

"अगं, झाली बघ तयार," मामा म्हणाले. "ते कुलूप कशाला आणलंय?"

"सायकलला," ताई म्हणाली, आणि साहेबांच्या हातातून कुलूप काढून घेतलं.

मग ती टेबलाशी येऊन बसली. साठा घटल्याचं कारण यंत्र विचारत होतं. विक्री? गळती? चोरी? ताईने सगळं वाचलं आणि शेवटचा पर्याय निवडला: चव पाहण्यासाठी.

किती जणांनी पाहिली, यंत्राने विचारलं.

"दोन," ताईने दात-ओठ खात लिहिलं. "रोज पाहतील."