कुमुदताईंनी मागे घेतलेले प्रकरण

कुमुदताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला भर सभेत गप्प केले म्हणून. बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका सभागृहात मी ईशान्येकडच्या जमातींवर तासभर बोललो होतो. धर्म बदलला की संस्कृती मरते, हा माझा सिद्धान्त. टाळ्याही भरपूर मिळाल्या. मग तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या.

"आपण यांपैकी कोणाच्या घरी जेवला आहात?"

"नाही."

"मग रविवारी सुभानपुऱ्याला माझ्याकडे या. बॉम पाहुण्या आहेत, स्वयंपाक त्याच करणार आहेत."

बॉम हा समाज मला तेव्हा नावानेही ठाऊक नव्हता. बांगलादेशात चितगावच्या डोंगरांत आणि आपल्याकडे मिझोरामच्या दक्षिण भागात राहणारे हे थोडे लोक. उतारावरचे जंगल साफ करून, जाळून फिरती शेती करायची, बांबूच्या टोपल्यांचा पट्टा कपाळाला लावून ओझी वाहायची, ही त्यांची जुनी रीत. पूर्वज खोझिंग नावाच्या निर्मात्याला आणि डोंगर-झऱ्यांतल्या आत्म्यांना मानत. आज बहुतेक सारे ख्रिस्ती आहेत. मानववंशशास्त्राच्या प्राध्यापिका असलेल्या कुमुदताई कितीतरी वर्षे सुट्ट्यांमध्ये त्यांच्या गावी जाऊन राहत.

त्या रविवारी घरी होत्या फतेगंजच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेली नुनपार आणि मिझोरामच्या गावाहून आलेली तिची आई. जेवणाआधी दोघींनी प्रार्थना केली. मी लगेच विचारले, "तुमचा जुना देव कुठे गेला?"

नुनपार हिंदीत म्हणाली, "आजी शेत निवडताना झऱ्याला विचारायची, आई प्रार्थना करते. पहिलं धान्य शेजारी द्यायचं, हे मात्र दोघींचं एकच. आणि काका, बडोद्यात राहून तुमच्या वरणात गूळ आलाच ना? म्हणून काय तुम्ही मराठी उरला नाहीत?"

ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी भात कालवला, आणि पुढे त्या घरी ऐकायलाच जाऊ लागलो.

ताईंचा मोठेपणा मला खरा कळला तो पुढच्या वर्षी. बॉम समाजावरचा त्यांचा ग्रंथ छापखान्यात होता. प्रकाशन समारंभात विद्यार्थी बांबूनृत्य करणार होते. ग्रंथातले एक प्रकरण त्यावरच होते: सुगीच्या आनंदाचे नृत्य. तालमीला नुनपार आणि तिची आईही आल्या होत्या. बांबू आपटू लागले, मुले हसत उड्या मारू लागली, आणि आई उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

ताई तिच्याशेजारी बसल्या. ती आपल्या भाषेत बोलली, नुनपारने ते आम्हाला हिंदीत सांगितले. तिच्या लहानपणी हे नृत्य बाळंतपणात गेलेल्या बाईसाठी करीत, तिचा जीव एकटा पडू नये म्हणून. तिची थोरली बहीण तशीच गेली होती.

"आता आमच्याकडेही पाहुण्यांसमोर करतात, ताई," नुनपार म्हणाली. "तुमचं अगदीच खोटं नाही."

"अर्धंच आहे," ताई म्हणाल्या. "मी पाहुणी होते, म्हणून मला आनंदच दिसला. कोणासाठी नाचतात, हे मी विचारलंच नाही."

माझ्यातला वक्ता जागा झाला. मी म्हणालो, "चर्चने अर्थच पुसून टाकला." नुनपारने ते सांगताच आईने नकारार्थी मान हलवली. आजही असे मरण आले की चर्चचे लोक त्या घरी येऊन बसतात, गातात, घरच्यांना एकटे सोडत नाहीत, असे तिने सांगितले.

ताईंनी समारंभ रद्द केला आणि ते प्रकरण छापखान्यातून मागे घेतले. प्रकाशक हात जोडून आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "ताई, कव्हर छापून झालं ने. कोण बघायला येणार आहे मिझोरामहून?"

"त्या आल्याच आहेत," ताई म्हणाल्या.

सत्तरी ओलांडलेल्या ताई गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा त्या डोंगरांत गेल्या, वृद्ध बायकांशी बोलल्या. दोन वर्षांनी ग्रंथ आला. त्या प्रकरणाचे पहिले वाक्य आहे, "हे प्रकरण मी आधी चुकीचे लिहिले होते." प्रकरण अर्पण केले आहे त्या थोरल्या बहिणीला.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आमच्यासारख्यांना प्रश्न विचारायला त्या शंभरीपर्यंत तिसऱ्या रांगेत असोत. हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो ग्रंथ हाती आला तो दिवस. नुनपारच्या आईला मराठी येत नाही. बहिणीचे नाव कुठे आहे, एवढेच तिने विचारले. ताईंनी तिचे बोट धरून त्या ओळीवर ठेवले, आणि तिने ते बराच वेळ तिथून उचलले नाही.