एका खोलीत एक चूल

"सही करा, ओव्हरसियरसाहेब. माणसं बोचकी घेऊन दारात बसलीत," कारखान्याचा मॅनेजर म्हणाला.

मी भोर संस्थानच्या बांधकाम खात्यात होतो. चाळ भाड्याने द्यायची तर आमचं सर्टिफिकेट लागे. म्हणजे इमारत राहण्याजोगी असल्याचा दाखला. ही चाळ काड्यापेटीच्या कारखान्याने कामगारांसाठी बांधली होती. खोल्या पाठीला पाठ लावून. एक दार, खिडकी नाही, छपरात धुराडं नाही.

"धूर कुठून जाणार?"

"पासलीकडच्या डोंगरातली माणसं ही. तिथं धुरातच राहतात."

डोंगरातल्या घरांच्या कुडातून धूर पाझरतो. इथे विटांच्या भिंती होत्या. शिवाय गावात चुली मागेपुढे पेटतात. इथे भोंगा झाला की सगळ्या एकदम पेटणार. म्हणून मी इन्स्पेक्शन भोंग्यानंतर ठेवलं. खोल्याखोल्यांतून चुली पेटवायला लावल्या आणि मॅनेजरला घेऊन ठकूबाईला नेमून दिलेल्या खोलीत बसलो. ही कारखान्यात पेट्या भरायची. मांडीवरचं पोर खोकत होतं.

भाताला कढ यायच्या आत मॅनेजर उठला.

"बसा की सायेब," ठकूबाई म्हणाली. "भात तरी व्हऊ द्या."

दारातून एक म्हातारी म्हणाली, "सायबाचं डोळं लई पाणावलं. म्हायेर आठवलं जणू!"

मी सही केली नाही. धुराडी झाली, खिडक्या पडल्या, मग केली. मॅनेजरने तो खर्च भाड्यात घातला. भाडं पगारातूनच कापलं जाई.

पुढच्या फेरीला गेलो तर ठकूबाईच्या खोलीत पुन्हा धूर कोंडलेला. पोराचा खोकला तसाच. कोपऱ्यात दुसरी चूल.

"ही कुणाची?"

"जावंची. भाडं वाढलं, एकटीला झेपंना. दोघींत घेतली खोली."

"मग दोघींचं एकाच चुलीवर करा."

"आमी येगळं निगालोय, सायेब. चूल एक कशी व्हईल?"

ओळीने पाहिलं. बऱ्याच खोल्यांत हेच.

मॅनेजरला सांगितलं, "सर्टिफिकेट एका खोलीत एका चुलीचं आहे. भाडं पहिल्यासारखं करा, नाहीतर रद्द करतो."

"भाडं ठरवणं हे तुमचं खातं नव्हे."

"भाडं नसेल. चूल आहे."

तो वरपर्यंत जाऊन आला. वरून माझ्याकडेच अहवाल मागवला. मी तेच लिहिलं: एका खोलीत एक चूल. मग भाडं उतरलं आणि जाऊ शेजारच्या खोलीत राहायला गेली.

त्यानंतर कुठलीही चाळ तपासताना मी भिंतीला टेप लावण्याआधी भाडं विचारू लागलो. खोलीत हवा किती राहणार, ते बरंचसं त्यावरूनच कळतं.