सकाळचं पाणी

शिळफाट्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते, तेव्हा हिराकाकीच्या सुनेचा फोन आला. "ताई, आई गेल्या," एवढंच वैशाली म्हणाली. मी जुडी पिशवीत टाकली आणि भाजीवालीशी उगाच दोन शब्द बोलले. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, सुटले... आता तिला कधीच कळणार नाही. या गोष्टीला महिना उलटून गेला. रडायचं तेवढं नंतर रडलेही, पण ते 'सुटले' काही पुसलं जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

हिराकाकी माझ्या नात्यातली नव्हे, शेजारची. कुंभिवलीवरून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावामागे नदी. खोपोलीच्या वीजघरातून पाणी सुटत असल्यामुळे ती उन्हाळ्यातही आटत नाही. तिच्या एका वळणाला, करंजाच्या झाडांआड, 'बायांचं पाणी' होतं. पाटी नाही, कुंपण नाही, फक्त एक रिवाज. त्या वळणाशी आलेला पुरुष, मग तो कितीही मोठा असो, थांबून हाक द्यायचा, "येऊ का गं?" आणि बहुतेक वेळा हिराकाकीच खालून ओरडायची, "थांब रं! घाई हाय का तुला?" एकदा खुद्द सरपंच बैलांसकट तिथे ताटकळत उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

मी कर्जतहून लग्न होऊन आले ती पाण्याला भिणारी. काकीने तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा माझ्या पाठीला सुंभाने आवळला आणि न विचारता मला आत ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, पदर कुठल्या कुठे गेला, मी पदर धरू की जीव धरू या गोंधळात. काकी काठावर मिश्री लावत हसत होती. "पान्यात लाजायचं नाय गं! लाज काठाव ठेव, लुगड्याबरोबर. जाताना घेऊन जा." गावातल्या निम्म्या बायका त्या डब्यावर पोहायला शिकल्या. पुरुषांना देवळाचा पार होता, क्रिकेटचं मैदान होतं. आम्हाला सकाळचा तो तासभर होता. धुणं हे निमित्त, खरं तर आम्ही तिथे खेळत होतो. चाळिशीतल्या बायका एकमेकींवर पाणी उडवत होतो, सासवांच्या नकला करत होतो.

मग काठालगतची जमीन एका रिसॉर्टवाल्याने घेतली. गावात दोन तट पडले. काकी मात्र कुठल्याच तटात नव्हती. तिचा धाकटा मुलगा घरी बसून होता, रिसॉर्टमध्ये नोकऱ्या मिळणार होत्या. मी तेव्हा ग्रामपंचायतीची सदस्य, आणि शिकलेली म्हणून कागद लिहायचं काम माझ्याकडे. काकी मला म्हणाली, "येऊ दे की त्यांना. त्यांच्या पावन्यांनीबी पोहावं, नदी काय आपल्या बापाची हाय? दुपारचं पानी त्यांचं, सकाळचं आमचं. येवढं एक लिव, बाय." इतका सरळ तोडगा त्यानंतरच्या एकाही बैठकीत कोणाला सुचला नाही.

रिसॉर्टसाठी जागेचा पंचनामा झाला त्या दिवशी काठावर मी एकटीच बाई होते. तलाठी, सरपंच, काळा चष्मा लावलेले रिसॉर्टचे साहेब, आणि पंच म्हणून माझे थोरले दीर. साहेबांनी विचारलं, "गावातले लोक या जागेचा काही वापर करतात का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पेन माझ्या हातात होतं. उत्तर एका ओळीचं होतं. पण त्या चष्म्यासमोर, त्यातून भावोजींसमोर, 'आम्ही बायका इथे अंघोळ करतो, पोहतो' हे म्हणायचं कसं? उघड्यावर अंघोळ करणाऱ्या गावंढळ बायका, असं ते म्हणतील असंही वाटलं. मी मान खाली घालून लिहिलं, 'सदर काठाचा गावकरी कोणत्याही प्रकारे वापर करीत नाहीत.' अक्षर छान आलं होतं. साहेब तसं म्हणालेसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्याआधी तारेचं कुंपण पडलं. काकीने मला गाठून विचारलं, "लिवलंस ना गं तू?" मी म्हटलं, "लिहिलं होतं काकी, वर कुणीतरी खोडलं असेल." "आसंल," ती म्हणाली, आणि तिने तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. मोरीत दोन तांब्यांत अंघोळ उरकायला लागली. आता कुंपणापलीकडे शनिवार-रविवारी गाणी लागतात, मुंबईच्या मुली रंगीत टायरवर तरंगतात. त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही, कारण सांगायचं काम माझं होतं.

काकीच्या दहाव्याला भांडी आवरताना मला राहवलं नाही. वैशालीजवळ सगळं ओकून टाकलं. ती हातातली परात विसळतच राहिली. मग म्हणाली, "आईंना ठाव होतं, ताई. कुंपन पडलं तवाच सरपंचांनी कागद वाचून दावला होता. मी तर तुमच्याशी भांडायलाच निघाले होते. आईंनी आडवलं. म्हनल्या, लाजली आसंल पोर येवढ्या बाप्यांत. तिला बोलू नका, आनखी लाजंल."

म्हणजे मी तीन वर्षं तिच्यापासून लपवत होते, आणि ती तीन वर्षं मला झाकत होती. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गेल्या आठवड्यात खालापूरच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. जुना पंचनामा मीच चुकीचा लिहिला, बायकांना सकाळचं पाणी मोकळं हवं, असा. कारकुनाने भरल्या कचेरीत मोठ्याने वाचलं, "बाया अंघोळ करतात?" लोक वळून बघायला लागले. "करत होत्या. पोहतही होत्या. मीही," मी म्हटलं. कान तापले, पण आवाज फुटला. "साहेब बघतील," म्हणून त्याने शिक्का मारला. काही होईल अशी मोठी आशा मला नाही.

परत येताना काकीच्या घरी गेले. पडवीतल्या खुंटीवर तो डबा तसाच टांगलेला होता, कडा गंजलेल्या, पोचे आलेला. मी खाली काढला. पत्रा जुना, पण सुंभ नवाकोरा, अजून पिवळा. मी वैशालीकडे पाहिलं.

"दरसाल बदलायच्या," ती म्हणाली. "यंदाबी मीच आनून दिला. म्हनल्या, पानी मोकळं झालं तर दोर कुजका नको."